बेटाचे नाव, काठाचे गाव

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त कारापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या वाचनालयाच्या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी मिळणे हे मी माझे भाग्य समजतो. हे वाचनालय सुरू झाले तेव्हा गोव्यावर परकी अंमल होता. सरकारदरबारी पोर्तुगीज भाषा होती आणि मराठी शिकायची ती देवळाच्या ओसरीवर किंवा कोणा सद्गृहस्थाच्या पडवीत. इ.स. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्माच्या नावाने होणारा भेदभाव कायद्यातून बराचसा गेला आणि त्यानंतर गावोगाव संस्था, शाळा आणि वाचनालये उभी राहू लागली. त्या पिढीने पुस्तकांची एक-दोन कपाटे जमवली आणि जपली, म्हणून आज आपण इथे जमलो आहोत. त्यांचे स्मरण करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

विषय जरा दूरचा वाटेल. चीनच्या किनाऱ्यावरील एका गावाच्या नावाविषयी मी बोलणार आहे. कारापूरच्या वाचनालयात चीनचे गाव कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तर तो विषय मला याच वाचनालयाने दिला.

मी याच तालुक्यातला. शाळेत असताना सुट्टीत इथे येऊन पुस्तके नेत असे. एकदा चिनी लोककथांचे एक जुने मराठी भाषांतर हाती लागले. त्याची आरंभीची पाने गळून गेली होती, त्यामुळे भाषांतरकाराचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही. त्यात एका बेटाचे वर्णन होते. तिथे सोन्यारुप्याचे वाडे आहेत, पशुपक्षी सारे पांढरेशुभ्र आहेत, आणि तिथली औषधी सेवन करणाऱ्याला मरण नाही. बेटाचे नाव छापले होते ‘पेंगलाय’. या पानाच्या समासात कोणी शाईने लिहिले होते, ‘हे बेट कोठे आले?’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात पेन्सिलीने उत्तर होते, ‘नकाशात पाहावे. हे बेट नसून चीनच्या किनाऱ्यावरील गाव आहे.’ आणि त्याहीखाली पहिल्याच शाईने पुन्हा लिहिले होते, ‘गाव असेल तर मग तेथील माणसे मरत नाहीत काय?’

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे ग्रंथपालांच्या देखत मी आवर्जून सांगतो. पण या दोन अनामिक सभासदांचा मी ऋणी आहे. त्यांचा वाद माझ्या मनात चाळीस वर्षे राहिला. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की दोघांचेही म्हणणे खरे होते.

त्या नावाचा चिनी उच्चार ‘फंगलाय’ असा काहीसा आहे. आपण तोच वापरू. चीनचा आद्य इतिहासकार स्सु-मा छ्येन याने इ.स. पूर्व १०० च्या सुमारास लिहिलेल्या बृहद्ग्रंथात या बेटाची हकीकत येते. उत्तर चीनमधील पोहाय समुद्रात तीन दिव्य पर्वत आहेत अशी लोकांची समजूत होती. त्यांपैकी एक फंगलाय. ते माणसांच्या वस्तीपासून फार दूर नाहीत. लांबून ढगांसारखे दिसतात, जवळ जावे तर पाण्याखाली गेलेले वाटतात, आणि आता पाय टेकणार तोच वारा उठून नाव मागे लोटतो. अनेक राजांनी तिकडे माणसे पाठवली. सबंध चीन एका छत्राखाली आणणारा सम्राट शृ-ह्वांग याने इ.स. पूर्व २१९ मध्ये शू-फू नावाच्या एका जाणत्याला हजारो कुमार-कुमारिका बरोबर देऊन समुद्रावर धाडले. औषधी आली नाही. एका प्रचंड माशाने वाट अडवली, असे सम्राटाला सांगण्यात आले. तेव्हा इ.स. पूर्व २१० मध्ये तो स्वतः धनुष्य घेऊन किनाऱ्यावर आला, एक मोठा मासा त्याने मारलाही, आणि परतीच्या वाटेवर, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, मरण पावला. अमर होण्याच्या खटाटोपातच त्याचे आयुष्य संपले.

पुढे हान वंशाचा सम्राट वू यालाही तोच ध्यास लागला. इ.स. पूर्व १३३ च्या सुमारास तो या किनाऱ्यावर आला, समुद्राकडे डोळे लावून बसला, बेट काही दिसले नाही, तेव्हा जिथे तो उभा होता तिथल्या वस्तीलाच त्याने ‘फंगलाय’ हे नाव दिले, अशी परंपरा आहे. या परंपरेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद बाजूला ठेवू. एवढे मात्र निश्चित की इ.स. ७०७ मध्ये, थांग वंशाच्या काळात, फंगलाय हे एका जिल्ह्याचे अधिकृत नाव झाले होते. इ.स. १०६१ मध्ये तिथल्या कड्यावर समुद्राकडे तोंड करून एक मनोरा बांधण्यात आला. त्याचेही नाव फंगलाय. त्याच्या पायथ्याशी इ.स. १३७६ मध्ये आरमारी कोट उभा राहिला. म्हणजे वर अमर पुरुषांचा सज्जा आणि खाली चाच्यांवर नजर ठेवणारे शिपाई. इ.स. १९९१ मध्ये फंगलायला शहराचा दर्जा मिळाला आणि २०२० पासून तो यंथाय या मोठ्या महानगराचा एक विभाग आहे. तिथली माणसे मासे धरतात, सफरचंदे आणि द्राक्षे पिकवतात, कर भरतात आणि मरतात. समासातल्या पहिल्या सभासदाला हे उत्तर द्यायला हवे.

या कथेत मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. बेट सापडले नाही म्हणून नाव वाया गेले नाही. ज्या काठावर उभे राहून लोकांनी ते बेट शोधले, त्या काठालाच ते नाव लागले. इच्छा ज्या बाजूची होती, त्या बाजूला नाव राहिले.

आता कोणी विचारील, लोकांना तिथे मुळात दिसत काय होते? फंगलायच्या समोर समुद्रात खरोखरीच लहान बेटांची एक रांग आहे. वसंत आणि ग्रीष्मात पाणी थंड असते. पाण्यालगतची हवा थंड आणि जड राहते, तिच्यावर उबदार हवेचा थर येतो, आणि अशा थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतात. मग क्षितिजाआडची बेटे आणि गलबते उचलल्यासारखी, ताणल्यासारखी वर दिसू लागतात. त्यांत कोणाला बुरूज दिसतात, कोणाला बाजारपेठ. इ.स. १०८५ मध्ये सू-शृ हा थोर कवी त्या प्रांताचा अधिकारी म्हणून आला आणि अवघे पाच दिवस राहिला. ऋतू उलटून गेला होता, तरी समुद्रदेवाची प्रार्थना केल्यावर आपल्याला ते दृश्य दिसले असे त्याने कवितेत नोंदले आहे. अशा दृश्याला आपल्या परंपरेतही शब्द आहे. ‘गंधर्वनगर’ तो शब्द. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधर्वनगराच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि आपल्या तत्त्वज्ञांनी जगाच्या मिथ्यात्वाचा दृष्टांत म्हणून हा शब्द शतकानुशतके वापरला आहे. आकाशात नगर आहे असे दिसते, पण त्यात राहायला जाता येत नाही. चिन्यांनी त्या नगराचे नाव आणून जमिनीवर एक नगर वसवले, एवढाच फरक.

अशा नावाला मग पायही फुटतात. जपानात फंगलायचे ‘होराय’ झाले. तैवान बेटावर जपानी अंमल असताना तिथे रुजवलेल्या भाताच्या नव्या वाणाला इ.स. १९२६ मध्ये ‘होराय तांदूळ’ हे नाव देण्यात आले. अमरत्वाच्या औषधीचे नाव शेवटी शितांना मिळाले, हे आपल्यासारख्या भात खाणाऱ्यांना पटण्यासारखे आहे.

श्रोतेहो, आता आपण आपल्या प्रदेशाकडे येऊ. समुद्रातून निघालेल्या भूमीची कथा आपल्याला नवी नाही. परशुरामाने सारी पृथ्वी दान केली, स्वतःला उभे राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने समुद्र हटवून भूमी मिळवली. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने परशुरामासाठी निर्माण केलेल्या त्या देशाला ‘शूर्पारक’ म्हटले आहे. आणि शूर्पारक म्हणजे मुंबईजवळचे नालासोपारा. ते प्राचीन काळी गजबजलेले बंदर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इ.स. १८८२ मध्ये तिथला बौद्ध स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. पुराणातले नाव आणि खापराविटांचे गाव इथे एकत्र भेटतात. आपल्या गोव्यात परशुरामाचा बाण जिथे पडला ती बाणावली, असे आजी-आजोबा सांगत आले. ‘गोमंतक’ या नावाचा धागाही आपण हरिवंशातल्या गोमंत पर्वताशी जोडतो. जरासंध पाठीवर असताना श्रीकृष्ण आणि बलराम ज्या पर्वतावर गेले, तो हा गोमंत.

परंतु इथे अभ्यासकाने पाय जपून टाकायला हवा. गोमंत पर्वत आमचाच, असे सांगणारे इतर प्रदेशही आहेत. नावाचे साम्य म्हणजे पुरावा, असे धरून चालले की काय होते याचे एक बोधप्रद उदाहरण इतिहासात आहे. महाभारताच्या नारायणीय आख्यानात श्वेतद्वीपाचे वर्णन येते. क्षीरसागराच्या उत्तरेला असलेले ते दिव्य बेट. तिथल्या चंद्रकांतीच्या भक्तांचे दर्शन घ्यायला नारद गेला होता. काशीत राहणाऱ्या कॅप्टन फ्रान्सिस विल्फर्ड या अधिकाऱ्याने मनाशी घेतले की श्वेतद्वीप म्हणजे इंग्लंड. पुराणांत इजिप्त, ग्रीस आणि ब्रिटन शोधून देण्यासाठी त्याने एक पंडित पदरी ठेवला. साहेबाला काय हवे आहे हे पंडिताने ओळखले आणि पोथ्यांत पाने बदलून, श्लोक घुसडून, हवे ते सापडवून दिले. लबाडी उघडकीस आली तेव्हा विल्फर्डने इ.स. १८०५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकात ती स्वतः जाहीर केली, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण आपला आवडता सिद्धान्त त्याने तरीही सोडला नाही. आपल्याला या विल्फर्डला हसण्याचा अधिकार नाही. आपल्या गावाचे नाव रामायण-महाभारतात सापडावे म्हणून आपणही कित्येकदा शब्द ताणतो, वाकवतो आणि नंतर त्यावर भांडतो. गावाचा मोठेपणा पोथीतल्या पानावर अवलंबून असतो, असे मी मानत नाही. मग तो कशावर असतो? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

आपल्या कारापुरातच वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूर आहे. साखळीच्या राणे घराण्याचे हे आराध्यस्थान. वैकुंठ ही विष्णूची नगरी आहे आणि ती कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही. वारकऱ्यांनी पंढरीला ‘भूवैकुंठ’ म्हटले आणि ती नगरी भीमेच्या काठी उतरवली. तिथून पुढे, ज्यांना पंढरी दूर होती, सह्याद्रीचा घाट आडवा होता, राज्यही दुसऱ्याचे होते, त्यांच्यासाठी तोच विठ्ठल घाटाखाली, एका लहान नदीच्या काठी उभा राहिला आणि त्या जागेला त्याचे नाव मिळाले. पंढरपूरच्या नदीपात्रातल्या वाळूला ‘वाळवंट’ म्हणतात आणि आपली नदी ‘वाळवंटी’, हे साम्य मनाला गोड वाटते. मी त्यातून काही सिद्ध करणार नाही. नुकताच विल्फर्डचा दाखला दिल्यावर ते धाडस मला शोभणारही नाही. पण आषाढी एकादशीला या देवळाच्या पायऱ्यांवर जी गर्दी लोटते, तिला व्युत्पत्तीची गरज नसते. ज्या काठावरून वैकुंठाकडे पाहिले, तो काठ त्या नावाचा धनी झाला. फंगलायचा न्याय इथेही लागू पडतो.

दुसरे उदाहरण याच तालुक्यातले आहे आणि ते खरोखरच एका बेटाचे आहे. मांडवीच्या पात्रातले दिवाडी बेट आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्या बेटावरच्या नार्वे गावी श्रीसप्तकोटीश्वराचे मूळ स्थान होते. गोव्याच्या कदंब राजांचे ते कुलदैवत. सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले, हे बिरुद त्यांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरले. बहमनी स्वारीत देवालयाचा विध्वंस झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव याने लिंगाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते देऊळ पुन्हा पाडले गेले. तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार, आजच्या डिचोली तालुक्याच्या हद्दीत आणले. तो मुलूख त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती गेलेला नव्हता. इ.स. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे देवालयाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ झाला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडेच २०२३ मध्ये पुन्हा एकवार जीर्णोद्धार होऊन मंदिर भाविकांना खुले झाले.

ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. मला तीत नावाचा प्रवास पाहायचा आहे. दिवाडी बेटावर नार्वे आहे आणि नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूलाही नार्वेच आहे. दोन्ही काठांच्या मध्ये आजही फेरीबोट चालते. अलीकडच्या नार्व्याहून बसावे आणि पलीकडच्या नार्व्याला उतरावे. परक्या माणसाला वाटते, आपण निघालोच नाही. त्या भाविकांना जमीन आणता आली नाही, तळी आणता आली नाही, देवळाचे कोरीव दगड आणता आले नाहीत. त्यांनी देव आणला आणि त्याच्यासोबत गावाचे नाव नांदू लागले. बेट समोर दिसत होते, पण तिथे जाऊन पूजा करता येत नव्हती. अशा वेळी पाहणाऱ्यांच्या काठावर तेच नाव राहिले. फंगलायचे बेट वाऱ्याने दूर लोटले. आपले बेट राजसत्तेने दूर लोटले. दोन्हीकडे माणसांनी काठ धरून ठेवला.

यावरून मला एक फरक दिसतो. काही नावे लोकांच्या तळमळीतून जमिनीवर उतरतात आणि काही नावे विकण्यासाठी लावली जातात. दुसऱ्या प्रकारचेही उदाहरण चीनमधलेच आहे. जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाने इ.स. १९३३ मध्ये ‘लॉस्ट होरायझन’ या कादंबरीत हिमालयापलीकडची ‘शांग्री-ला’ नावाची एक सुखभूमी कल्पिली. तिथेही माणसांना वार्धक्य लवकर येत नाही. कादंबरी गाजली, चित्रपट निघाला आणि शब्द जगभर गेला. पुढे युन्नान प्रांतातल्या चुंगत्येन नावाच्या परगण्याने, ज्याला तिबेटी लोक ग्यालथांग म्हणतात, शांग्री-ला ती आपणच असा दावा मांडला आणि डिसेंबर २००१ मध्ये सरकारी शिक्क्यानिशी नाव बदलून घेतले. प्रवासी वाढावेत हा उघड हेतू होता आणि ते वाढलेही. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या जुन्या लाकडी पेठेला आग लागून तिचा मोठा भाग भस्मसात झाला. सुखभूमीचे नाव लावल्याने घरांचे रक्षण झाले नाही.

या दोन नावांत मी भेद करतो तो चीनला नावे ठेवण्यासाठी मुळीच नाही. शांग्री-लाच्या वाटेवर आपला गोवा कितीतरी पुढे गेला आहे. ‘स्वर्ग’, ‘नंदनवन’ ही विशेषणे पाहुण्यांनी आपल्याला बहाल केली आणि आपण ती पाटीवर रंगवून घेतली. किनाऱ्यावरचे ते पीक आता डोंगर ओलांडून डिचोली-सत्तरीपर्यंत आले आहे. वर्तमानपत्रात जमिनीची जाहिरात पाहावी. तिथे शेताचे नाव नसते, वाड्याचे नसते, देवाचे नसते. असते ते कुठल्यातरी परदेशी बागेचे किंवा स्वर्गाचे. ज्याने तिथे कधी पाऊल ठेवले नाही त्याला ते नाव आकर्षक वाटते आणि जो तिथे जन्मला त्याला आपले शेत त्या जाहिरातीत ओळखू येत नाही.

इथे फंगलायची गोष्ट माझ्या मनात उलटी होऊन उभी राहते. फंगलाय हे आधी नुसते नाव होते आणि त्याला पुढे गाव मिळाले. आपल्याकडे गाव होते, शेते होती, झरी होत्या, डोंगर होते, आणि प्रत्येकाला नाव होते. आता जमीन जाऊन नुसते नावच मागे राहील की काय, अशी वेळ आली आहे. या तालुक्याने खाणींची दशके पाहिली. खनिजाने अनेक घरांत चूल पेटली, हे मी विसरत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ज्या घरांत अंधार झाला, त्या घरांतली मुले माझ्या वर्गात होती. पण ज्या टेकड्या कापल्या गेल्या त्यांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत आणि तिथे बोट दाखवावे तर खड्ड्यात साचलेले पाणी दिसते. अमक्या डोंगरापलीकडे, असे म्हातारी माणसे अजून सांगतात. डोंगर नाही. लांबून आहेसा वाटतो आणि जवळ गेल्यावर पाण्याखाली असतो. त्या जुन्या चिनी इतिहासकाराचे वर्णन आपल्या तालुक्याला लागू पडावे, याचे मला मनस्वी दुःख होते.

आणि दुसऱ्या बाजूने नावेही जात आहेत. काही वर्षांपूर्वी मी वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले. आपल्या घरच्या आणि शेजारच्या जमिनींची नावे लिहून आणायची. सर्व्हे क्रमांक नको, नावे हवीत. बहुतेकांनी दोन-तीन नावे आणली आणि पुढे क्रमांक लिहिले. एका मुलीने मात्र दोन पाने भरून आणली. वडामूळ, कुंभारखण, आंब्याकडची मोरड, सातेरीची वाट, अशी ती नावे. कोणाच्या व्हाळात उन्हाळ्यातही पाणी असते, कुठल्या बांधावर पूर्वी कोण बसत असे, हेही तिने लिहिले होते. मी विचारले, एवढे कोठून मिळाले? ती म्हणाली, “सर, आजी सांगत गेली आणि मी लिहीत गेले. मध्येच ती म्हणाली, बाय, हे तू कागदावर घालतेस ते बरे करतेस, माझ्यामागून या जागांना हाक मारणारे कोणी नाही.” पुढच्या वर्षी ती आजी गेली. ती दोन पाने माझ्यापाशी आहेत. त्यांना मी कुठल्याही छापील ग्रंथाइतके मोलाचे समजतो.

आपल्या गावांची नावे याआधी एकदा संकटातून गेली आहेत. पोर्तुगीज दप्तराने डिचोलीचे ‘बिचोलिम’ केले, साखळीचे ‘सांकेलिम’ केले. रोमी लिपीत आजही तेच चालते. तरी लोकांच्या तोंडचे नाव टिकले, कारण माणसे त्या जमिनीवर राबत होती आणि त्याच नावाने एकमेकांना हाका मारीत होती. आता राबणे थांबत चालले आहे. म्हणून नाव टिकवण्याचे काम तोंडाकडून कागदाकडे यायला हवे, आणि गावातला कागदाचा सांभाळ करणारे घर म्हणजे वाचनालय.

यासाठी शताब्दीच्या निमित्ताने मी वाचनालयाला एक विनंती करतो. एक जाड वही घ्यावी. तिच्यात कारापूर आणि भोवतालच्या गावांतील प्रत्येक वाडा, शेत, कुळागर, भाट, व्हाळ, तळी, घुमटी, पाणवठा आणि वाट यांचे लोकांच्या तोंडी असलेले नाव उतरवून घ्यावे. नाव सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे, देवनागरीत लिहावे. कोंकणी उच्चार असेल तर तसाच ठेवावा, त्याला मराठी साज चढवू नये. नावामागे कथा असेल तर ती ‘असे सांगतात’ म्हणून लिहावी आणि ठाऊक असलेली वस्तुस्थिती वेगळी लिहावी. व्युत्पत्तीचा मोह आवरावा. विल्फर्डच्या पंडितासारखे एकही पान मध्ये घालू नये. जे शेत आता बुजले आहे, जो डोंगर आता नाही, त्याचेही नाव लिहावे आणि समोर ‘आता नाही’ असे लिहावे. ते दोन शब्द उद्याच्या वाचकाला फार काही सांगतील. महिला सभासदांनी हे काम हाती घेतले तर ते लवकर आणि चांगले होईल, कारण शेताची आणि पाण्याची नावे घरात त्यांच्याच मुखी जास्त राहिली आहेत. माझ्याजवळची ती दोन पाने, त्या मुलीची संमती घेऊन, या वहीसाठी देण्यास मी तयार आहे.

शेवटी पुन्हा त्या समासाकडे येतो. पहिल्या सभासदाने विचारले होते, हे बेट कोठे आहे? दुसऱ्याने सांगितले, ते गाव आहे. माणसे मरत नाहीत काय, या पहिल्याच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी उत्तर लिहिले नव्हते. पुस्तकात लिहिणे योग्य नाही, म्हणून ते उत्तर मी आज बोलून दाखवतो. फंगलायची माणसे मरतात. सम्राटही मेले. पण शतकानुशतके लोटली तरी त्या किनाऱ्यावरचे लोक आपल्या गावाला त्याच नावाने हाक मारीत आहेत. न मरण्याचा याहून दुसरा उपाय मला माहीत नाही, आणि हा उपाय आपल्या हातातला आहे. वाळवंटीच्या काठी तो करून पाहावा.

ते जुने पुस्तक अजून कपाटात असेल तर मला एकदा पाहायला मिळावे, अशी ग्रंथपालांना माझी वैयक्तिक विनंती आहे. वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाला माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.